अंगणातल्या कोंबड्या: आधी खुराडं, मग पिल्लं

तुम्ही विचारलंय की घरामागे साधारण पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत, घरात दोन लहान मुलं आहेत आणि ओळखीतून दहा पिल्लं व एक कोंबडा मिळतोय. घ्यावं का, वास येईल का, शेजारी भांडतील का? अशाच दाटीच्या वस्तीत अकरा वर्षं कोंबड्या पाळल्यावर माझं उत्तर असं: जरूर पाळा. पण दहा नको, चार पाळा. कोंबडा अजिबात नको. आणि खुराडं पूर्ण उभं राहीपर्यंत एकही पिल्लू घरात आणू नका.

ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. पिल्लं खोक्यात मावतात, त्यामुळे 'बघू नंतर' असं होतं. पाच-सहा आठवड्यांत खोकं पुरेनासं होतं, मग घाईघाईत हाताला लागेल त्या फळ्या ठोकल्या जातात आणि तेच कच्चं खुराडं पुढे कित्येक वर्षं त्रास देतं.

कोंबड्याबद्दल आधी बोलतो, कारण वस्तीत सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरून होतात. अंडी मिळायला नर लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. त्याला अंधारात कोंडलं की तो उशिरा आरवेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोंबड्याचं आरवणं त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की दिवसरात्र सारख्याच मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेची वेळ धरून आरवत होते. कोंबड्याही आवाज करतात, नाही असं नाही. अंडं घातल्यावर थोडा वेळ मोठ्याने ओरडतात. पण ते दिवसा, आणि अंधार पडला की खुराडं गप्प.

एक-दोन दिवसांच्या पिल्लांमध्ये नर कोणता, मादी कोणती हे नवख्याला ओळखता येत नाही. दहा घेतली तर त्यातली चार-पाच कोंबडे निघणार हे धरून चाला. शिवाय पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते आणि मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती कमी करत न्यावी लागते. घरात लहान मुलं असताना हा व्याप पहिल्याच खेपेला नको. त्यापेक्षा १४ ते १६ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या. मादी आहे हे तोवर दिसतं, आणि महिना-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात. घेताना मरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूचा आजार) आणि राणीखेत (म्हणजे मानमोडी) या दोन्ही आजारांच्या लसी झाल्यात का ते नक्की विचारा. मरेक्सची लस पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची असते, मोठ्या पक्ष्याला नंतर टोचून उपयोग होत नाही.

चारही एकदम आणा. एकटी कोंबडी झुरते, आणि मागाहून आणलेली मार खाते. कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणीशास्त्रज्ञ शेल्डरुप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांचंच निरीक्षण करून ती मांडली. पुढे कधी नवी कोंबडी आणावी लागलीच, तर महिनाभर ती दूर वेगळी ठेवा, म्हणजे आजार असेल तर तो कळेल. मग आठवडा-दोन आठवडे जाळीपलीकडून ओळख होऊ द्या.

आता वास. कोंबडीच्या शिटीला वास येतो तो ओल धरल्यावर. कोरडी शीट कोरड्या तुसात मिसळली तर शेजाऱ्याला कोंबड्या आहेत हे समजणारही नाही. ओली झाली की अमोनिया सुटतो, आणि तो शेजाऱ्याच्या आधी कोंबडीच्या फुफ्फुसांत जातो. म्हणून जमिनीवर तूस किंवा लाकडाचा भुसा चांगला सहा इंच जाड घाला आणि मूठभर दाणे त्यात टाकत जा. दाणे शोधताना त्या स्वतःच सगळा थर उकरून खालीवर करतात. भुसा दाबून बसला, त्याचे गठ्ठे झाले, की ओल कुठून येतेय ते शोधा. बहुतेक वेळा ती पावसाची नसून पाण्याच्या भांड्याची असते. भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा, म्हणजे त्या त्यात पाय घालत नाहीत आणि सांडासांड होत नाही.

रात्री बसायच्या दांडीखाली एक फळी लावा. त्या रात्रभर एकाच जागी बसतात, त्यामुळे तिथेच शिटीचा ढीग पडतो. रोज सकाळी फळी खरवडून घ्यायला मला पाच मिनिटं लागतात. वासाचा निम्मा प्रश्न या फळीने सुटतो. खरवडलेली शीट झाडांना थेट घालू नका, नत्र फार असल्याने मुळं जळतात. वाळलेल्या पाल्यात मिसळून काही महिने कुजू द्या, मग त्यासारखं खत नाही. हवेसाठी झरोके दांडीच्या वर, छपरालगत ठेवा. ओलसर गरम हवा वरून निघून जाते आणि झोपलेल्या कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही. सकाळी खुराडं उघडल्याबरोबर गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस बदलायची वेळ टळून गेली आहे.

मापं: खुराड्यात दर कोंबडीला चार चौरस फूट, बाहेरच्या जाळीबंद फिरायच्या जागेत दहा. चार कोंबड्यांना अंडी घालायला एक फूट लांब-रुंद खोकं एक पुरतं, दोन असली तर उत्तम. दांडी खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जाळीबाबत मला फार मोठी किंमत मोजावी लागली. तिसऱ्या वर्षी एका रात्रीत माझ्या तीन कोंबड्या गेल्या. मी षटकोनी भोकांची पातळ जाळी लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. दातांनी फाटते, भोकांतून पंजा आत जातो. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे ती पळतही नाही, बसल्या जागी मरते. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाड जाळी लावतो, खाली फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पसरून पुरतो, आणि दाराला नुसता आकडा न लावता पिळून बंद होणारी कडी लावतो. अंधार पडायच्या आत डोकी मोजून दार लावायचं. हे काम एकाच माणसाच्या अंगावर असू द्या. 'मला वाटलं तू लावलंस' यातच कोंबड्या जातात.

खाद्य दिवसाला दर कोंबडीमागे सुमारे १०० ते १२० ग्रॅम. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं, १६ ते १७ टक्के प्रथिनांचं तयार खाद्य द्या. ते पिल्लांना मात्र नको, त्यातल्या जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाईल. घरातलं उरलंसुरलं चालतं, पण एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नको. कच्चं सुकं कडधान्य, हिरवे पडलेले बटाटे, अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट आणि खारट पदार्थ अजिबात नाहीत. उरलेलं खाद्य संध्याकाळी उचलून पत्र्याच्या डब्यात बंद करा. उंदीर कोंबड्यांमुळे येत नाहीत, रात्री पडून राहिलेल्या दाण्यांमुळे येतात. आणि शेजाऱ्याच्या घरात एक उंदीर दिसला तरी तो तुमच्याच नावावर जातो.

उन्हाळ्यात चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले आणि धाप लागलेली दिसली तर लगेच सावली आणि थंड पाणी. कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या पुढे असतं, त्यामुळे गारठ्यापेक्षा उष्मा तिला लवकर मारतो.

एखादी खोक्यातून उठेनाशी झाली, हात लावला की फुगून फुत्कारायला लागली, तर ती खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. खाली फलित अंडी नसतील तर ती आठवडेच्या आठवडे अर्धपोटी बसून वाळते. खाली जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात दोन-तीन दिवस ठेवा, दाणापाणी तिथेच द्या. पोटाला गार हवा लागली की बहुतेक जणी भानावर येतात.

मुलांना एकच नियम: कोंबडी, अंडी किंवा खुराडं, काहीही हाताळलं की साबणाने हात धुवायचे, आणि तिचा पापा घ्यायचा नाही. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

दारात सामान येण्याआधी नगरपालिकेचा नियम आणि वस्तीचे काही नियम असतील तर ते पाहून घ्या, आणि दोन्ही शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगा. खुराडं कुठे असेल ते दाखवा. जागा ठरवताना त्यांच्या खिडकीपासून ते जितकं लांब जाईल तितकं न्या, भले तुमच्या स्वयंपाकघराजवळ आलं तरी चालेल. वास सुटलाच तर तो आधी तुम्हाला यायला हवा.

आणखी एक गोष्ट घरात आत्ताच बोलून ठेवा. पहिली दोन-तीन वर्षं अंडी भरपूर येतात, मग कमी होत जातात. कोंबडी मात्र सात-आठ वर्षं सहज जगते. तुमची मुलं आठवड्याच्या आत चौघींची नावं ठरवून टाकतील. अंडी बंद झाल्यावर त्या तुमच्याकडेच राहणार की नाही, हे तेव्हा ठरवायला बसलात तर घरात कुणालातरी फार दुखेल. आमच्याकडची सर्वांत म्हातारी नऊ वर्षांची आहे. तिने गेल्या वर्षी एकही अंडं दिलं नाही, पण ते आम्ही तिला आणलं त्याच दिवशी ठरवलं होतं.