पावसात मोटारहोम घेऊन हास्ट पासवरून वानाकाला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, बुक केलीय, फॉक्स ग्लेशियरवरून हास्ट पासमार्गे लेक वानाकाच्या काठावर कॅम्प करायचाय, अंदाजात चार दिवस सलग पाऊस दाखवतायत, सोबत ६८ वर्षांची आई आहे, तर मोटारहोम रद्द करून साधी कार आणि हॉटेलं करावीत का.

नका करू रद्द. पण मधे एक दिवस मोकळा ठेवा, कुठलंही बुकिंग नसलेला. तो असेल तर पाऊस सुसह्य होतो, नसेल तर तुम्ही नको त्या दिवशी घाट चढता. आम्ही हाच रूट नोव्हेंबरमध्येच केलाय, मी, नवरा, आमची मुलगी आणि सासूबाई, त्या तेव्हा ७१ च्या. आठ दिवसांपैकी पाच दिवस पाऊस. त्यामुळे अनुभव भरपूर आहे, बराचसा ओला.

आधी तिथला पाऊस समजून घ्या म्हणजे अंदाज बघून घाबरायला होणार नाही. टास्मान समुद्रावरून येणारे ढग सदर्न आल्प्स या डोंगररांगेला आडवे धडकतात आणि सगळं पाणी पश्चिमेच्या अंगाला टाकून मोकळे होतात. महाबळेश्वरला धो-धो आणि फलटणला कोरडं, तेच गणित. हास्टला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि वानाका गावात सातशेच्या आसपास, दोन्हींत अंतर जेमतेम १४० किलोमीटर. आणि वसंत ऋतू, म्हणजे आपला सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा तिथे वायव्येच्या वाऱ्याचा हंगाम, म्हणून तुम्हाला चार दिवस दिसतायत त्यात नवल काही नाही. फक्त एक चूक आम्ही केली ती करू नका. आम्हाला वाटलं पास ओलांडला की लगेच ऊन. तसं नसतं, जोराचा वायव्येचा वारा असला की पाऊस डोंगराच्या डोक्यावरून सांडून पलीकडे मकरोरा गावापर्यंत येतो, आणि तलावाचं वरचं टोक तिथेच आहे. म्हणजे तुमचा कॅम्पग्राउंड.

आता निघायचं कधी. आम्ही फॉक्सला हॉलिडे पार्कमध्ये पॉवर साइट, म्हणजे विजेची जोडणी असलेली जागा, घेतली होती, एका रात्रीची. सकाळी सहाला उठून बघते तर छतावर असा आवाज की आतल्या आत बोललेलं ऐकू येईना. मेटसर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या हवामान खात्याच्या, साइटवर हेवी रेन वॉर्निंग होती. नवऱ्याचं म्हणणं निघूया, पुढचं बुकिंग आहे, हळूहळू जाऊ. मी गप्प, कारण मलाही बुकिंगचे पैसे दिसत होते. सासूबाई चहाचा कप घेऊन खिडकीशी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अरे, घर बरोबर घेऊन आलोय ना आपण? मग आज इथंच राहू की. घाई कसली?"

राहिलो. दुपारी कळलं की पुढे रस्त्यावर दरड आलीय आणि मधला पट्टा बंद आहे. संध्याकाळपर्यंत उघडला. ही काही अपवादाची गोष्ट नाही, त्या रस्त्याला सवय आहे. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये हास्ट पासवर डायना फॉल्सजवळ दरड कोसळून एक कॅम्परव्हॅन नदीत गेली होती, त्यात एक कॅनेडियन जोडपं गेलं, आणि त्यानंतर कित्येक महिने तो रस्ता रात्रीचा बंद ठेवत होते. घाबरवायला नाही सांगत. एवढंच सांगतेय की वॉर्निंग असेल त्या दिवशी थांबायचं, आणि निघाल त्या दिवशी उजेडातच पास उतरायचा. रस्ता चालू आहे का बंद हे वाका कोटाहीच्या, म्हणजे तिथल्या रस्ते खात्याच्या, जर्नी प्लॅनरवर दिसतं, ते निघायच्या आधी वायफाय असतानाच बघून घ्या, कारण फॉक्स सोडलं की बऱ्याच ठिकाणी नेटवर्कच नाही. मॅप ऑफलाइन करून ठेवा. आणि डिझेल फॉक्सलाच टाकी फुल्ल, इथे कंजुषी नको.

ड्रायव्हिंगचं म्हणाल तर मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. डावीकडूनच चालवतात. हास्ट पासची उंची फक्त ५६२ मीटर, आल्प्स ओलांडणाऱ्या रस्त्यांमध्ये सगळ्यात कमी, आर्थर्स पास ९२० आहे. तरी "फक्त ५६२" वर जाऊ नका, कारण हास्ट गाव समुद्राला टेकलेलं आहे आणि चढ सगळा शेवटच्या थोड्या पट्ट्यात येतो. गेट्स ऑफ हास्ट म्हणतात तिथे पूल आहे, खाली नदी घराएवढ्या दगडांमधून येते, आणि पावसानंतर तिचा रंग दुधाळ राखाडी असतो. त्या चढावर गिअर खालचा ठेवायचा, उतारावर तर ठेवायचाच, नुसत्या ब्रेकवर तीन-साडेतीन टनाची गाडी उतरवायची नाही. मागे गाड्या साचल्या की पुढची जागा बघून बाजूला घ्यायची आणि जाऊ द्यायचं, तिथे ही अपेक्षाच असते. गाडी साडेतीन टनाच्या वरची असेल तर लिमिट १०० नाही, ९० आहे, पण पावसात ६०-७० च्या वर माझा पाय गेलाच नाही.

एकपदरी पूल मात्र आधी नीट समजून घ्या. वेस्ट कोस्टवर ते एकामागून एक येतात. पाटीवर दोन बाण असतात, तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं, मोठा आणि पांढरा असेल तर तुमचा हक्क, तरी समोरचा थांबलाय का हे बघूनच घालायची. जोरात पाऊस असला की पाटी उशिरा दिसते, म्हणून शेजारी बसणाऱ्याला हेच काम द्यावं. आमच्याकडे मुलगी ओरडायची, "बाबा, लाल!"

हा, आता आमची फजिती. फॉक्सहून निघायच्या आधी भाजी फोडणीला टाकली होती, धूर झाला म्हणून बेडच्या वरचं छताचं झाकण बोटभर उघडलं, आणि विसरलो. वाटेत थंडर क्रीक फॉल्सला थांबलो, २८ मीटरचा धबधबा आहे, पार्किंगपासून पाचेक मिनिटं चालायचं, रेनकोट घालून बघून आलो, खूश होऊन मागचं दार उघडलं तर टप टप आवाज. बेडवर मधोमध ताटाएवढा ओला गोल, आणि गादी फोमची, तिने वाटभर गप्प बसून पाणी प्यायलेलं. वरून हात लावला तर थोडंसं दमट वाटायचं, दाबलं की बोटांमधून पाणी. तेव्हापासून नियम केला की इंजिन सुरू करायच्या आधी एक माणूस आतून फिरून मोठ्याने म्हणणार: झाकणं बंद, खिडक्या बंद, गॅसचा व्हॉल्व्ह बंद, ड्रॉवर लॉक, पायरी आत. पायरी आम्ही एकदा बाहेर ठेवूनच निघालो होतो, ते जाऊ दे.

कॅम्पग्राउंड. आम्ही बाउंड्री क्रीकला राहिलो, हायवेलगतच, वानाका तलावाच्या वरच्या अंगाला, डॉकचं म्हणजे तिथल्या निसर्ग खात्याचं. वीज नाही, साधे टॉयलेट, बाकी तलाव आणि डोंगर. उजेड असताना जागा अप्रतिम. आम्ही पोचलो तेव्हा डोंगर नव्हतेच, ढग पाण्याला टेकलेले, आणि वारा असा की तलावावर समुद्रासारख्या लाटा. नवऱ्याने हौसेने गाडी अगदी पाण्याजवळच्या गवतावर घेतली. सकाळी मागचं चाक अर्धं आत. बाजूच्या म्हाताऱ्या जोडप्याने आधी चहा विचारला आणि मग फावडं आणलं, लेव्हलिंगच्या, म्हणजे गाडी सपाट उभी करायच्या, पिवळ्या पाट्या चाकाखाली घातल्या आणि वीस मिनिटांत काढून दिली, वर एकदाही हसले नाहीत, जे मला जमलं नसतं. तर पावसात गवतावर जायचंच नाही, खडी असेल तिथेच उभी करा, ओढ्यापासून आणि मोठ्या झाडांपासून लांब, आणि तोंड बाहेरच्या दिशेला. बाजूची छत्री, ती ऑनिंग, वाऱ्यात उघडायची नाही म्हणजे नाही. फाटली की बऱ्याचदा इन्शुरन्समध्ये बसत नाही, आपली पॉलिसी आधी वाचून घ्या.

वीज नसली की काय होतं हे रेंटलवाले काउंटरवर भरभर सांगतात आणि आपण मान हलवतो. मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट बहुतेक गाड्यांत पॉवर साइटवरच चालतात. दिवे, पंप, फ्रिज घराच्या वेगळ्या बॅटरीवर, आणि ती भरते सोलरने किंवा गाडी चालवताना. पाऊस असला की सोलर नावालाच. म्हणून आमचा पॅटर्न ठरला: एक रात्र तलावाकाठी बिनविजेची, पुढची पॉवर साइटवर, तिथे सगळं चार्ज, गरम पाण्याची आंघोळ, आणि ड्रायरमध्ये कपडे. बुकिंग करताना हीटर कशावर चालतो हे खास विचारा. डिझेल किंवा गॅसचा असेल तर बिनविजेच्या जागीही चालतो, नुसता इलेक्ट्रिक असेल तर आईंना घेऊन तिथे झोपू नका. आणि ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून दारं-खिडक्या लावून बसायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पण खरा त्रास थंडीचा नाही, ओलीचा. चार माणसं, चार रेनकोट, आठ बूट, सहा-सात मीटरची गाडी. रात्रभर सगळ्यांचा श्वास काचेवर जमतो आणि सकाळी पडद्याची खालची कड पिळता येईल एवढी भिजलेली असते. आम्ही पहिल्या रात्री थंडीने सगळं घट्ट बंद केलं, तेच चुकलं. वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवून हीटर मंद चालू ठेवला की ओल खूपच कमी होते, डोक्यात बसत नाही पण होते. ओले कोट बाथरूममध्ये टांगायचे, तिथलं पाणी तिथेच निचरतं. बुटांसाठी दाराशी प्लास्टिकचा टब, त्याच्यापुढे बूट घालून यायचं नाही, आणि आत घालायला प्रत्येकाची वेगळी चप्पल. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी दोरी मागितली आणि स्टिअरिंगपासून टेबलापर्यंत बांधून मोजे वाळत घातले, हीटरची हवा बरोबर त्यावर. नवऱ्याला लाज वाटली, बाहेरून दिसतं म्हणे. बाहेर होतं कोण बघायला! जुन्या टॉवेलांचा एक गठ्ठा जास्तीचा न्या, रेंटलवाले देतात ते दोन टॉवेल पहिल्याच दिवशी संपतात.

तुमच्या आईंसाठी दोन-तीन गोष्टी. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड त्यांना देऊ नका, शिडी आहे, आणि रात्री उठायचं म्हणजे सर्कस. खालचा बेड, आणि तोही टॉयलेटच्या बाजूचा. टॉयलेट आत असलेलीच गाडी घ्या, पावसात रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन चिखलातून कोणी जायचं? पायरी ओली झाली की घसरते, तिच्यावर रबरी मॅट टाका. सँडफ्लाय म्हणजे तिथल्या बारक्या चावऱ्या माश्या, जोरात पाऊस असतो तोपर्यंत गायब, थांबला रे थांबला की हजर, आईंचे पाय झाकलेले ठेवा.

रस्त्याकडेला कुठेही उभं राहायचं असं डोक्यात असेल तर काढून टाका. सेल्फ-कंटेन्डचं, म्हणजे टॉयलेट आणि सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं, सर्टिफिकेट नसलेली गाडी फुकट जागेवर उभी केली तर ४०० डॉलरपासून दंड सुरू होतो, आणि सर्टिफिकेट असलं तरी कुठे चालेल हे त्या त्या कौन्सिलवर. डिझेल गाडीला रोड युजर चार्जेस वेगळे लागतात, किलोमीटरवर, ते गाडी परत देताना बिलात येतात, तेव्हा दचकू नका.

चाक निघाल्यावर आम्ही तिथून पुढे निघालो, पाऊस चालूच. रस्ता तलावाच्या कडेने जातो आणि मग द नेक नावाच्या खिंडीतून वानाका सोडून दुसऱ्या तलावाकडे, हावेयाकडे. खिंडीत शिरताना वायपर चालू होते. बाहेर पडलो आणि काही मिनिटांत ते कोरड्या काचेवर करकरायला लागले, समोर हावेया निळाशार. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. आम्हाला वाटलं फोटो काढायचाय. त्यांनी दार उघडलं, ती फोमची गादी ओढत बाहेर काढायला लावली आणि पार्किंगच्या कठड्यावर उन्हात टेकवून शेजारी खुर्ची टाकून बसल्या. दोन तास बसलो आम्ही तिथे. एक जर्मन मुलगा येऊन विचारून गेला की मदत हवीय का.