निकालपत्रात तेच ते परिच्छेद का?

प्रश्न : मी विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. खासगीपणाच्या हक्कावरील आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दाखले दिसले, म्हणून त्या न्यायालयाची मूळ निकालपत्रे वाचायला घेतली. प्रत्येकात जुन्या निकालांतील परिच्छेद जवळपास शब्दशः येतात आणि लिहिणाऱ्या न्यायाधीशाचे नावही नसते. याला स्वतंत्र विचार म्हणायचे का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण आपली सवय वेगळी आहे. केशवानंद भारती खटल्यात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी ११ स्वतंत्र निकालपत्रे लिहिली आणि नेमके काय ठरले, यावर पुढे कितीतरी वर्षे वाद चालला. स्ट्रासबर्गला, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात, बहुमताचा निकाल साऱ्या न्यायालयाचा मानला जातो. ज्या न्यायाधीशाकडे मसुद्याचे काम सोपवलेले असते त्याचे नाव जाहीर होत नाही आणि आपसांतील चर्चाही गुप्त राहते. तिथे ४६ देशांचे न्यायाधीश आहेत. निरनिराळ्या कायदेपरंपरांत वाढलेले सात किंवा सतरा जण एका खटल्यासाठी बसतात, तेव्हा पूर्वी सर्वांनी मान्य केलेले शब्द हीच त्यांची सामाईक जमीन असते. त्यातला एखादा शब्द बदलला, तर तो मुद्दाम बदलला आहे हे वकिलांच्या लगेच ध्यानात येते.

ही रीत नीट पाहायची तर १९७८ चा ‘टायरर विरुद्ध युनायटेड किंगडम’ हा निकाल उघडा. ब्रिटिश राजसत्तेखालील आइल ऑफ मॅन बेटावर पंधरा वर्षांच्या मुलाला बर्चच्या फोकाचे तीन फटके मारण्याची शिक्षा झाली होती. पोलिसांनी त्याला विजार उतरवून टेबलावर ओणवे केले, दोघांनी धरले, तिसऱ्याने मारले आणि पहिल्याच फटक्याला फोकाचे तुकडे उडाले. निकालपत्रात हे एकाही विशेषणाशिवाय लिहिले आहे आणि म्हणूनच ते वाचवत नाही. त्यानंतर न्यायालय एकेक पायरी चढते : हा छळ नव्हे, अमानुष शिक्षाही नव्हे, पण अपमानास्पद शिक्षा नक्कीच आहे, बेटावरील लोकांचा तिला पाठिंबा असला तरी त्याने फरक पडत नाही. हे न्यायालय ज्याचा अर्थ लावते तो युरोपीय मानवी हक्कांचा करार हा जिवंत दस्तऐवज असून त्याचा अर्थ आजच्या परिस्थितीच्या प्रकाशात लावला पाहिजे, हे वाक्य याच निकालातले. आज तुम्हाला कंटाळवाणे वाटणारे ते वाक्य तेव्हा अगदी नवे होते.

मात्र या पद्धतीत एक धोका आहे. काही निकालांत सर्वसाधारण तत्त्वांना पानेच्या पाने दिलेली असतात आणि ती प्रस्तुत खटल्याला लावताना दोन-तीन परिच्छेदांत आवरते घेतलेले असते. तिथे तुमची तक्रार मला पटते. म्हणून आधी वस्तुस्थिती वाचा, मग थेट तत्त्वे लागू करण्याचा भाग आणि त्यानंतर भिन्नमत, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशाचे मत. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे उद्या असा दाखला द्याल, तेव्हा तुम्हाला याच भागाविषयी विचारले जाईल.

भिन्नमताखाली नाव असते. टायरर निकालात न्यायाधीश फिट्झमॉरिस एकटे विरोधात होते. ज्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थ्यांना मारणे नेहमीचे मानले जाई, तिच्यातच आपण वाढलो, त्यामुळे आपल्या मतावर त्याचा रंग चढला असू शकेल, असे त्यांनी स्वतःच त्यात नमूद केले आहे. बहुमताच्या निनावी परिच्छेदांत अशा कबुलीला जागाच नसते.