कुलूप आधी काढा

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. अकरावीत ७२ टक्के होते. इंजिनिअरिंगचं आम्ही ठरवलंय, दोन वर्षांची क्लासची फी भरून झालीय. पण पोलंडच्या माउगोझाता मिर्गा-तास या चित्रकर्तीची कामं मोबाइलवर बघितल्यापासून तिचं लक्ष उडालंय. प्लायवर कापडाचे तुकडे चिकटवते, वरून रंग देते, मध्येच सुईदोरा घेऊन बसते. दिवाळीत तर माझ्या आईचं जुनं लुगडं कापलं. मी सगळं सामान कपाटात घालून कुलूप लावलंय. माझे आठ यंत्रमाग आहेत, खर्चीवर चालवतो, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणायची मजुरी माझी. कापडात काय मिळतं ते मला कुणी सांगायला नको. हे शिंपीकाम म्हणजे करिअर नाही, छंद नंतरही करता येईल, हे तिला तुम्ही समजावून सांगा.
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ७२ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही, कुलपाची वाटली.

लुगडं कापलं एवढं तुम्ही लिहिलंत. त्या लुगड्याचं तिनं केलं काय, ते पत्रात कुठेच नाही. चेहरा काढला, घर काढलं की नुसते तुकडे जोडले? तुमच्या आईंचं लुगडं, पण त्या काय म्हणाल्या तेही नाही. आणि जिच्यासाठी हे पत्र, तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. ‘आम्ही ठरवलंय’ यातल्या ‘आम्ही’मध्ये ती आहे का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या हातातलं काम हिसकावून कुलपात ठेवलं, की ती अभ्यासाला बसते खरी, पण पुस्तक उघडं ठेवून कपाटाकडे बघत राहते. अशा मुली माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांचे मार्क वाढलेले मी फारसे पाहिले नाहीत. घरात बोलणं बंद झालेलं मात्र पाहिलंय.

तुमची भीती खोटी नाही. कापडातल्या आडव्या धाग्यांवर (पिकांवर) पैशांत मोजलेली मजुरी, वाढतं वीजबिल, सुताचे चढउतार यांत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला मुलीनं पुन्हा कापडातच शिरावं असं का वाटेल? पण ही भीती तुमच्या धंद्यातून आलीय. ती तिच्या चित्राला लावू नका.

आता ‘शिंपीकाम’. हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मिर्गा-तास १९७८मध्ये झाकोपानेला जन्मल्या. त्या रोमा, म्हणजे युरोपात ‘जिप्सी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाच्या आहेत आणि तात्रा पर्वताजवळच्या चार्ना गुरा या गावात राहतात. क्राकुवच्या ललित कला अकादमीतून २००४मध्ये त्यांनी शिल्पकलेचं शिक्षण पूर्ण केलं. म्हणजे हाताशी कापड होतं म्हणून शिवत बसलेली ही बाई नाही. त्यांनी कापड निवडलं. घरच्यांचे, ओळखीच्यांचे वापरलेले कपडे, पडदे, चादरी त्या घेतात, कापून जोडतात आणि चेहरे-हात अ‍ॅक्रिलिकनं रंगवतात. बाईचं चित्र आणि तिनं अंगावर वागवलेलं कापड एकाच चौकटीत येतं. हे का करावंसं वाटलं? युरोपात शतकानुशतकं रोमांची चित्रं इतरांनी काढली. सतराव्या शतकात जाक कालो या फ्रेंच कलावंतानं त्यांना भटके, लबाड असं कोरून ठेवलं. व्हेनिस बिएनाले हे देशोदेशींच्या कलेचं मोठं प्रदर्शन, तिथं प्रत्येक देश आपल्या दालनात कलावंत पाठवतो. २०२२मध्ये तिथलं पोलंडचं दालन मिर्गा-तास यांच्याकडे होतं. एखाद्या देशाच्या दालनात रोमा कलावंताला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. इटलीतल्या फेर्रारा इथल्या स्किफानोया महालात पंधराव्या शतकात बारा महिन्यांची भित्तिचित्रं काढली होती. त्या चित्रांचा आराखडा घेऊन मिर्गा-तास यांनी कापडाचे बारा भव्य पट उभे केले. वरच्या पट्ट्यात कालोचीच माणसं, पण रंगीत कपड्यांत, ताठ मानेनं चाललेली. मधल्या पट्ट्यात राशींची चिन्हं आणि मिर्गा-तास यांना मोलाच्या वाटणाऱ्या बायका. खाली गावातलं रोजचं जगणं. शिवायला बरोबर दुसऱ्या बायकाही होत्या. याला शिंपीकाम म्हणायचं असेल तर म्हणा, मला त्या शब्दात कमीपणा दिसत नाही. पण ‘करिअर नाही’ असं मात्र म्हणता येणार नाही.

आता दोन गोष्टी मुलीसाठी. हे तिला वाचून दाखवा.

बाळ, मिर्गा-तास यांची पद्धत उचलणं सोपं आहे. त्यांच्या कापडामागे त्यांचा समाज आहे. पोलंडमधल्या बोर्झेंचिन इथं दुसऱ्या महायुद्धात नाझींनी मारलेल्या रोमांसाठी त्यांनी लाकडी स्मारक केलं होतं, ते २०१६मध्ये कुणीतरी तोडलं, ते पुन्हा उभं केलं गेलं. तुझ्या कापडामागे काय आहे? माग चालतो त्या खोलीत तू वाढलीस, दुसरं कुणी काय शोधणार ते तुझ्या घरात आहे. आणि दुसरं, शिक्षण संपल्यापासून व्हेनिसपर्यंत त्यांना अठरा वर्षं लागली. या काळात त्या रोमा मुलांना शिकवत होत्या, गावात कलावंतांची शिबिरं भरवत होत्या. एवढा धीर आणि एवढा काळ पोट भरण्याची दुसरी सोय, दोन्ही लागतील. आजीला न विचारता लुगडं कापलं असशील, तर ते मात्र चूकच. त्यांची माफी माग.

मार्ग नेहमीचेच आहेत : बारावीनंतर चार वर्षांचं बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, महाराष्ट्रात त्यासाठी कलेची सीईटी ही प्रवेश परीक्षा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स यांचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. बारावी सायन्स असल्यानं काही अडत नाही. कापडाची जाण असलेल्या मुलीला टेक्स्टाइल डिझाइनही जमेल. ‘आधी इंजिनिअरिंग, मग छंद’ हा सल्ला मी देणार नाही. चार वर्षं आणि लाखो रुपये घालून ती तुम्हाला फक्त ‘हो’ म्हणालेली असेल.

चार्ना गुराच्या त्या शिबिराचं नाव आहे ‘याव दिख’. रोमा लोकांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले आणि त्यांच्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द अजून आहेत. ‘दिख’ म्हणजे बघ. ये, बघ.

तेव्हा तिला समजावण्याचं तुमचं काम मी करत नाही. आज रात्री माग बंद झाले की आईंना सोबत घ्या, कपाट उघडा, तो प्लाय बाहेर काढून उजेडात ठेवा. मुलीला विचारून घ्या आणि मला कळवा, चित्रात कोण आहे.