हॉल पाचशेचा, माणसं चारशे, तरी दाटी का?

लग्नाच्या जागेबद्दल आलेल्या पत्रांतली सहा या वेळी घेतली आहेत. सगळी मोठ्या शहरांतली आहेत आणि बहुतेकांत गोंधळाचं मूळ एकच आहे: हॉल आधी आवडला, हिशेब नंतर सुरू झाला.

प्रश्न : आमचे ४०० पाहुणे आहेत. पसंत पडलेल्या हॉलच्या माहितीपत्रकात क्षमता ५०० दिली आहे. तरी घरातली मंडळी म्हणतात दाटी होईल. कोणाचं खरं?

उत्तर : मंडळींचं. तो ५०० चा आकडा कशाचा आहे, हे आधी विचारा. एकाच हॉलची क्षमता मांडणीप्रमाणे बदलते. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी सात-आठ चौरस फूट पुरतात. गोल टेबलांभोवती बसून जेवायचं असेल, तर वाढणाऱ्यांच्या वाटा धरून १२ ते १५ लागतात. पत्रकात छापतात तो सहसा यांतला सगळ्यात मोठा आकडा.

म्हणजे पाचशे खुर्च्या, माणशी आठ चौरस फूट, या हिशेबाने तुमचा हॉल साधारण ४,००० चौरस फुटांचा असणार. आता वजाबाकी करा. २४ बाय १६ फुटांचं स्टेज ३८४ चौरस फूट खातं. नाचायला २० बाय २० ची जागा ठेवली की ४०० गेले. ध्वनियंत्रणेच्या टेबलाला १००. दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल अशी बुफेची एक रांग साधारण १०० जणांना पुरते. तिला २४ फूट लांबी आणि दोन्हीकडच्या रांगेतल्या माणसांसकट १४-१५ फूट रुंदी लागते. अशा दोनच रांगा धरल्या तरी ७०० चौरस फूट गेले. उरले २,४१६. माणशी १३ ने भागलं की एका वेळी जेमतेम १८५ जण बसतील. पाचशेच्या हॉलची ही खरी क्षमता.

टेबलांचाही एक हिशेब आहे. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ जण नीट बसतात. दहा बसवले की कोपराला कोपर लागतं. सहा फुटी टेबलावर दहा जण ठीक. दोन टेबलांच्या कडांमध्ये पाच फूट अंतर हवं. ते जास्त वाटतं, पण मागे सरकवलेली खुर्ची दोन्हीकडून दीड-दीड फूट घेते आणि मधे जाण्यायेण्याला दोनच फूट उरतात.

हॉलवाल्यांकडे नकाशा नसेल तर वर पाहा. फॉल्स सीलिंगच्या चौकोनी फरशा बहुतेक ठिकाणी दोन फुटी असतात. एक फरशी मापून खात्री करा आणि लांबी-रुंदीतल्या फरशा मोजा, हॉलचं माप दोन मिनिटांत निघतं. खांब दिसले तर प्रत्येकामागे किती खुर्च्यांना स्टेज दिसणार नाही, तेही बसून पाहा. छताची उंची विसरू नका. तीन मीटरच्या छताखाली ६० सेंटिमीटरचं स्टेज घातलं की वर २.४ मीटर उरतात. त्यात उंच सजावट आणि दिवे कोंबले की फोटोत सगळं डोक्यावर आल्यासारखं दिसतं.

प्रश्न : हॉल सहाव्या मजल्यावर आहे, पार्किंग तळघरात. मुख्य रस्त्यावरची जागा आहे, मग अडचण काय?

उत्तर : अडचण लिफ्टची. १३ माणसांची पाटी असलेल्या लिफ्टमध्ये नटूनथटून आलेली माणसं दहाच मावतात. वर जाऊन खाली यायला दोन मिनिटं धरली तर मिनिटाला पाच माणसं. ३०० जण एका लिफ्टने वर पोहोचायला एक तास लागतो. सगळे येतात ते शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे निदान दोन लिफ्ट फक्त पाहुण्यांसाठी हव्यात. सामानाची लिफ्ट वेगळी आहे का, आणि तिच्या दारातून आठ फुटी फळी आत जाते का, हे सजावटवाल्याला बरोबर नेऊन बघा. नाहीतर फुलांच्या टोपल्या आणि पाहुणे एकाच लिफ्टसमोर ताटकळतील.

पार्किंगचं गणित असं: ४०० पैकी निम्मे गाडीने आले, गाडीत तिघे, तर ६७ गाड्या. वळणाच्या वाटांसकट एका गाडीला २५ चौरस मीटर लागतात, म्हणजे जवळजवळ १,७०० चौरस मीटर. तळघरात त्या दिवशी कोणकोणत्या मजल्यांच्या गाड्या असतील, ते विचारा. व्हॅलेची, म्हणजे गाडी लावून-आणून देणाऱ्या चालकांची, खरी कसोटी निघताना लागते. एक चालक सहा मिनिटांत एक गाडी आणतो असं धरलं, तर अर्ध्या तासात ६७ गाड्या बाहेर काढायला १३-१४ चालक हवेत. चार चालकांवर ‘व्हॅले सोय आहे’ असं म्हणणारे बरेच भेटतील.

जागा बघायला जाल ते लग्नाच्याच वारी आणि त्याच तासाला जा. रविवारी सकाळी मोकळा दिसलेला रस्ता शुक्रवारी संध्याकाळी ओळखू येत नाही. शिवाय अनेक मोठ्या शहरांत मध्यवर्ती भागात दिवसा जड वाहनांना बंदी असते. सामानाचा ट्रक किती वाजता आत येऊ शकतो, यावर तुमच्या सजावटीचं सगळं वेळापत्रक अवलंबून आहे.

प्रश्न : पाहायला गेलो तेव्हा हॉल छान गार होता. एसी पुरेल हे समजायचं कसं?

उत्तर : रिकामा हॉल गार असणारच. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४०० जण म्हणजे ४० किलोवॅट. एक टन एसी सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे नुसत्या माणसांसाठीच ११-१२ टन खर्ची पडतात. त्यावर १,००० वॅटचे जुने वीस ‘पार’ दिवे (स्टेजवर झोत टाकणारे) लावले की आणखी जवळजवळ सहा टन. भिंतींतून, काचांतून आणि सतत उघडणाऱ्या दारांतून येणारी उष्णता वेगळीच. एलईडी दिवे मागा, हा भार बराच उतरतो. पाहुणे येण्याच्या निदान दोन तास आधी एसी सुरू करण्याचं लिहून घ्या. भरलेला हॉल नंतर थंड करणं फार अवघड.

वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, हे वेगळं विचारा. पुष्कळ ठिकाणी नुसते दिवे चालतात. जनरेटर १२५ केव्हीएचा असेल तर हातात साधारण १०० किलोवॅट येतात. त्यातून एसी, स्वयंपाकघर, लिफ्ट आणि ध्वनियंत्रणा भागते का, ते इलेक्ट्रिशियनलाच बेरीज करायला लावा.

तिथे उभे आहातच तर आणखी दोन गोष्टी करा. हॉलच्या मध्यभागी एकदा जोरात टाळी वाजवा. तिचा नाद दीड सेकंदाच्या वर रेंगाळला, तर माइकवरचे शब्द एकमेकांत मिसळणार. भरल्या हॉलमध्ये माणसं आणि पडदे आवाज शोषतात, पण काचेच्या भिंती आणि गुळगुळीत फरशीला तेवढं पुरत नाही. दुसरं, हॉलचे दिवे लावून फोनवर स्लो मोशन चित्रण करा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवे लुकलुकताहेत आणि व्हिडिओ बिघडणार. डोळ्यांना ते कळत नाही.

प्रश्न : आवाजावर ‘लिमिटर’ बसवला आहे असं हॉलवाले म्हणतात. घ्यावा का हा हॉल?

उत्तर : घ्या, पण पाहून. आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की हे यंत्र स्टेजच्या प्लगांचा वीजपुरवठाच तोडतं. नाच ऐन रंगात येतो आणि अचानक सगळं शांत होतं. किती डेसिबलला तुटतो आणि कोणत्या प्लगांवर बसवला आहे, हे विचारा आणि एकदा गाणं लावून तोडून दाखवायला सांगा. खरा ड्रमसेट बिनमाइकचाही जवळून १०० डेसिबलच्या आसपास जातो, त्यामुळे थेट वाद्यवृंद ठरवला असेल तर कदाचित दुसरा हॉल बघावा लागेल.

प्रश्न : गच्चीवर किंवा हिरवळीवर लग्न करायचं आहे. पाऊस आला तर?

उत्तर : पर्यायी जागा करारात नावानिशी हवी, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या कोणाला दिलेली नाही हेही लिहिलेलं हवं. ‘बघू, काहीतरी करू’ हा पर्याय नव्हे. त्या जागेत सगळे पाहुणे मावतात का, हे वरच्याच हिशेबाने तपासा. मंडप घालायचा की नाही, याचा निर्णय किती तास आधी घ्यावा लागतो, ते मंडपवाल्यालाच विचारा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, वजनांवर मंडप उभा राहतो. म्हणून किती वाऱ्यापर्यंत तो सुरक्षित आहे आणि त्यापुढे माणसं कोणी, केव्हा बाहेर काढायची, हे लेखी घ्या. हिरवळीवर पाऊस पडून गेल्यावर एकदा टाचांच्या चपला घालून चाला, बाकी काही विचारावं लागणार नाही.

प्रश्न : करारात नेमकं काय पाहायचं? आजी चाकाच्या खुर्चीत असतात, त्यांचीही सोय हवी आहे.

उत्तर : बुकिंगचे तास कशापासून कशापर्यंत, हे पहिलं. सजावटीला पाच तास आणि आवराआवरीला दोन लागत असतील, तर आठ तासांच्या बुकिंगमध्ये लग्नाला एकच तास उरतो. आधीचा कार्यक्रम किती वाजता संपतो, तेही विचारा. जादा वेळ तासाच्या पटीत आकारतात की अर्ध्या तासाच्या, हे पाहा. किमान हमी संख्येपेक्षा माणसं कमी आली तरी पैसे तेवढेच जातात, म्हणून ती अंदाजापेक्षा खालचीच धरा. ‘हा किंवा तत्सम हॉल’ असे शब्द दिसले तर ‘किंवा तत्सम’ खोडायला लावा. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे लिहून घ्या आणि ताबा घेताना भिंती-फरशांचे फोटो काढून ठेवा.

आजींसाठी उतार मोजा. एक मीटर चढायला बारा मीटर लांबी लागते. ६० सेंटिमीटरच्या स्टेजला सव्वासात मीटरचा उतार हवा. तो आखलेला नसेल तर दोन फळ्या टेकवून देतात आणि खुर्ची मागे घसरते. दार निदान ८० सेंटिमीटर रुंद हवं, स्वच्छतागृहाचंसुद्धा. ते मोजायला टेप घेऊन जा, हॉलवाल्यांच्या तोंडच्या ‘होईल हो’वर जाऊ नका.