खोकला आणि सरकलेली नळी: आधी फीड थांबवा

तुम्ही लिहिलंय की स्ट्रोकनंतर बाबांना रायल्स ट्यूबसकट (नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न द्यायची नळी) घरी सोडलं, कालपासून फीड देताना खोकला येतोय, नळी थोडी बाहेर आल्यासारखी दिसते आणि घरी नर्स पाठवणाऱ्या ब्युरोची बाई म्हणते, ‘असं होतंच.’ नाही हो, असं होत नसतं. पुढचं फीड देऊ नका. डॉक्टरांना फोन करा, मग बाकीचं वाचा. ताप असेल किंवा धाप लागत असेल तर सरळ हॉस्पिटल गाठा. मी डॉक्टर नाही, फक्त आईचं केलंय.

आमच्याकडे ब्युरोने ‘ट्रेन्ड सिस्टर’ पाठवल्या होत्या. रात्री अर्धी बाहेर आलेली नळी त्यांनी परत आत ढकलली, चिकटपट्टी बदलली आणि पहाटेचं फीड दिलं. ते फुप्फुसात गेलं. न्यूमोनिया, आयसीयू, व्हेंटिलेटर, सगळं झालं. ब्युरोचं उत्तर काय, तर ‘पेशंटच सिरियस होता’. नंतर कळलं, त्या नर्स नव्हत्याच. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण नर्सचे पैसे घेऊन आयाबाई पाठवणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. म्हणून सांगते, जीएनएम की एएनएम, म्हणजे नर्सिंगचा कुठला कोर्स केलाय, ते विचारा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर त्या व्यक्तीच्या हातात नळी देऊ नका. अंग पुसायला, कूस बदलायला मावशी उत्तम.

नळी नीट बसवून झाली की नाकपुडीपाशी मार्करने खूण करून घ्या आणि बाहेरची लांबी लिहून भिंतीवर लावा. प्रत्येक फीडआधी ती बघायचीच. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायचा, गुडगुड ऐकू आली की झालं, ही पद्धत अजून चालते. माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. नळी चुकीच्या जागी असली तरी तसा आवाज येऊ शकतो. पोटातून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) पट्टीवर 5.5 किंवा त्याखाली आला तर बरं, पण पॅन्टोप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर तो वर जातो. शंका असली की एक्स-रे. शहरात घरी येऊन काढणारे मिळतात.

डोकं 30 ते 45 अंश वर ठेवायचं, फीडनंतरही तासभर, हे तुम्हाला सांगितलं असेलच.

नळी तुंबण्याबद्दल थोडं. नाचणीचं सत्त्व गार झालं की घट्ट होतं, इसबगोल तर नळीतून नकोच. एसआर, एक्सआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटू नका, सिरप आहे का ते विचारा. प्रत्येक औषध वेगळं द्या, मध्ये पाणी सोडा. आणि नुसत्या डाळीच्या पाण्यावर माणूस उभा राहत नाही, आहारतज्ज्ञाकडून प्रोटीनचा हिशेब करून घ्या. तोंडाने काही खात नसले तरी दात-जीभ रोज दोनदा साफ करा. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते.

नळी चार-सहा आठवड्यांच्या पुढे लागणार असं डॉक्टर म्हणत असतील तर पेगचा, म्हणजे पोटाच्या त्वचेतून थेट जठरात बसवायच्या नळीचा, विषय तुम्हीच काढा. आम्हाला तो पर्याय आयसीयूतून बाहेर आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी सांगितला.