पिकअप राहू दे, आधी तारा बदल

तुझा प्रश्न सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचला होता, नीट उत्तर द्यायचं म्हणून आत्ता जेवणं उरकून बसलोय, लांबेल जरा. मला समजलं ते असं, की फेंडरच्या जॅझ बेससारखा, चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी न लागणारा) बेस गिटार सेकंडहँड घेतलास, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो, महिन्यातून दोन-तीन ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असतात आणि रविवारी मित्रांबरोबर रॉक. आणि आता पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं) बदलू, प्रीअँप (बॅटरीवर चालणारं आवाजाचं सर्किट) टाकू, का सरळ पाच तारांचा घेऊ, असं विचारतोयस. एकाने तुला पिकअप सुचवलेत, दुसऱ्याने तारा उकळायला सांगितल्यात. मी म्हणतो सोल्डरिंग गन खाली ठेव आणि आधी नव्या तारा आण.

एक साधी गोष्ट करून बघ. ई तारेच्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या खालून, पहिल्या पाच फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) आसपास, नखाने हलकेच घासत जा. जिथे जिथे फ्रेट आहे तिथे तारेला खड्डा लागला तर ती तार संपलेली आहे. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) वाजवून ट्यूनर बघ आणि तोच सूर दाबून बघ. दोन्हीत मोठा फरक येतोय आणि सॅडल (तार जिच्यावर टेकते ती सरकती घोडी) हलवूनही जुळत नाहीये, तर बऱ्याचदा दोष बेसचा नसतोच, तार लांबीभर सारखी राहिलेली नसते. अशा तारांवर तू जगातला भारीतला भारी पिकअप लावलास तरी तो काय ऐकणार? तार जे देते तेच.

गोधडी का होते ते पण सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं कळतं. मोकळी ई म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ, पण ऑर्केस्ट्रात जे स्पीकर लावतात त्यातून ४१ हर्ट्झ नीट बाहेरच येत नाही, लोकांना ऐकू येतात ते त्याच्या वरचे ओव्हरटोन्स (मूळ सुराबरोबर वाजणारे चढे उपसूर), आणि कान खालचा सूर आपला आपण भरून घेतो. राउंडवाउंड तारेवर आतल्या कोअरभोवती गोल वायर गुंडाळलेली असते, दोन वेढ्यांमधल्या फटीत घाम, कातडीचा मळ, गंज साठत जातो आणि पहिल्यांदा मरतात ते हेच वरचे ओव्हरटोन्स. घरी छोट्या अँपवर 'चालतंय की' वाटतं आणि स्टेजवर ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्डचा डावा हात एवढं सगळं सुरू झालं की बेस गायब.

आता कुठल्या तारा. मुख्य प्रकार दोनच, राउंड आणि फ्लॅट, बाकी मधले. फ्लॅटला बाहेरची पट्टी चपटी असते, हाताला गुळगुळीत लागते, बोट सरकल्याचा चर्र आवाज नाही, सूर गोल आणि लवकर मावळणारा. फेंडरने प्रिसिजन बेस काढला १९५१ मध्ये, जॅझ बेस १९६० मध्ये, आणि तेव्हा बेसवर फ्लॅटच असायच्या. राउंडचा चकचकीत पियानोसारखा आवाज आपल्या कानात बसला तो नंतर, १९६६ च्या सुमारास रोटोसाउंडने द हू बँडच्या जॉन एंटविसलबरोबर बसून स्विंग बेस तारा बनवल्या तेव्हापासून. उलट अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन, १९६२ चा प्रिसिजन, त्यावर जाड ला बेला फ्लॅट, आणि म्हणे तुटल्याशिवाय तार बदलायचीच नाही. म्हणजे बघ, वर मी तुला जुन्या तारा फेक म्हणतोय आणि ज्याच्यापासून निम्मं जग बेस शिकलं तो जुन्याच तारांवर वाजवत होता! पण त्याच्या फ्लॅट होत्या. फ्लॅट जुन्या होतात तशा पिकत जातात, राउंड नुसत्या मरतात. फरक हाच.

आणि फ्लॅट म्हणजे फक्त जुनी हळू गाणी असंही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवर वाजवतो, तेही जाड सेटवर. जॅझवाल्या जेको पास्टोरियसने फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बेसवर) राउंड लावल्या होत्या, जे करू नको असं प्रत्येक दुकानदार सांगतो कारण तार लाकूड खाते, त्यासाठी त्याने फिंगरबोर्डवर इपॉक्सी चढवलं होतं. नियम असे मोडलेलेच असतात.

तुझ्यासाठी मी राउंडच म्हणेन, निकेल प्लेटेड. कारण एकच बेस आणि दोन प्रकारची कामं. राउंडचा टोन नॉब खाली आणून, बोट पुलाकडून (ब्रिजकडून) मानेकडे (नेककडे) सरकवून तुला जुन्या गाण्यातला गोल आवाज बऱ्यापैकी काढता येतो, फ्लॅटवरून रॉकचा करकरीतपणा काढणं जास्त अवघड. पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस कान देऊन ऐक, सूर कुठे सुरू होतो यापेक्षा कुठे थांबवलाय ते ऐक, ते अर्धं काम डाव्या हाताचं आहे, तारेचं नाही. त्यातही अजून गोल हवा असेल तर पुलाजवळ तारांच्या खाली स्पंजची पट्टी खुपस. हसू नकोस, पूर्वी फेंडरच्या बेसला पुलावरच्या झाकणाखाली फोम कंपनीकडूनच यायचा. मी भांडी घासायचा नवा स्पंज कापून वापरतो (नवा, हे बायकोने लिहायला सांगितलंय), जुन्या गाण्यांचा मेडली आला की आत, संपला की बाहेर.

स्टेनलेस स्टील अजून चकचकीत असतात, पण बोटांना खरखरीत आणि फ्रेट लवकर झिजवतात. कोटेड तारा (वर पातळ थर चढवलेल्या), म्हणजे एलिक्सर वगैरे, महाग असतात पण ज्याच्या हाताला घाम येतो त्याला त्या परवडतात असं माझं मत झालंय. माझ्या हाताला भयंकर येतो. ठाण्यात जुलैमध्ये साधा राउंडचा सेट तीन आठवड्यांत बसायचा, कोटेड तीन-चार महिने आरामात जातो. तुझ्या हाताला घाम येत नसेल तर उगाच पैसे घालू नकोस. नायलॉनची टेपवाउंड पण मिळते, काळी, मऊ, डबल बेसच्या जवळ जाणारी, मला आवडते. पण एक गंमत आहे, तिला हात लावला तरी हात धातूला लागत नाही, त्यामुळे तार पकडल्यावर जो हम (स्पीकरमधला घूं आवाज) एरवी बंद होतो तो होत नाही. आपल्याकडे मांडवात अर्थिंगची जी बोंब असते त्यात हे नको रे बाबा.

गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा मुद्दा तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे आणि तो कुणी काढलाच नाही. तुझ्या ऑर्केस्ट्रात गायक काळी एक, काळी दोनमध्ये गात असणार. काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि आपली सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे नेमका खालचा सा अर्ध्या सुराने हुकतो! म्हणून तुला पाच तारांचा घ्यावासा वाटतोय, बरोबर? त्याऐवजी अख्खा बेस अर्धा सूर खाली उतरव. मोकळी तार म्हणजेच सा, डी शार्प फार्प डोक्यात ठेवायची गरज नाही, काळी दोनची गाणी एकदम सोपी होतात. पण खाली उतरवलं की तारा ढिल्या पडतात आणि फ्रेटवर आपटतात, म्हणून ४५-१०० ऐवजी ४५-१०५ चा सेट घे, ४५, ६५, ८५, १०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. डॅडारिओ कंपनीच्या तारांत १७० नंबर म्हणजे ४५-१०० आणि १६५ म्हणजे ४५-१०५, पाकिटावर लाँग स्केल लिहिलंय बघून घे, तुझ्या बेसवर तारेची वाजती लांबी ३४ इंच असणार. पाच तारांचा नंतर घे, हौस म्हणून घे, पण स्वस्तातल्या पाच तारांच्या बेसवरची बी तार म्हणजे बहुतेक वेळा ओल्या दोरीवर वाजवल्यासारखं असतं.

नवीन गेज लावलं की सेटअप आलाच, हे मात्र टाळू नकोस. चार तारा मिळून नेकला पाऊणशे किलोच्या वर ओढतात, त्यात फरक पडला की नेक हलणार. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धर, मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये जाड व्हिजिटिंग कार्ड जाईल न जाईल एवढी फट हवी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट, एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, आणि मग चहा पिऊन ये, नेकला बसायला वेळ लागतो. घट्ट लागला तर जोर लावू नकोस, माणसाकडे ने. त्यानंतर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, सगळ्यात बारीक जी तारेखाली दोन. तू जोरात ओढतोस तर थोडी वर ठेव. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा येणं, दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे. हा क्रम उलटा केलास तर परत पहिल्यापासून.

कोकणात किंवा मुंबईत राहत असशील तर हे वर्षातून दोनदा धर, एकदा पाऊस बसला की आणि एकदा दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की. पावसात लाकूड फुगतं, नेक हलतो, आणि आपण तारांना शिव्या घालतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाक, वाजवून झालं की जुन्या बनियनने तारा वरून आणि खालून पुस. खालून पण.

तारा उकळायच्या सल्ल्याबद्दल. केलंय मी, कॉलेजमध्ये, आईच्या दुधाच्या पातेल्यात, त्या दिवशी जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. उकळून मळ निघतो आणि आवाज परत येतो हे खरं आहे, पण थोडेच दिवस, आणि वेढ्यात पाणी राहिलं तर आतून गंज. खड्डे पडलेली तार तर उकळून सरळ होत नाही. तुझ्या तारांना नको. अगदीच करायचं असेल तर स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात ते बरं, स्पिरिट उडून जातं, फक्त गॅसपासून लांब.

लावताना दोन-तीन गोष्टी. एकेक तार बदल, सगळ्या एकदम काढू नकोस. खुंटीच्या पुढे दोन खुंट्यांएवढी लांबी ठेवून काप, पण कापायच्या आधी तिथे काटकोनात वाकव, नाहीतर काही तारांचे वेढे आतून सुटतात आणि नवी कोरी तार पहिल्या दिवसापासून मेलेली. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खुपस, वेढे खाली खाली जाऊ दे, दोन-तीन पुरे. तारेला पीळ पडू देऊ नकोस. रंगीत रेशीम गुंडाळलेला भाग नटवर (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीवर) येता कामा नये. आणि ताणून झाल्यावर सॅडलच्या आणि नटच्या लगेच पुढे अंगठ्याने तार हलकी खाली दाब, वळण नीट बसलं की सूर एकदम मोकळा होतो, हे मला वीस वर्षांपूर्वी एका गोव्याच्या काकांनी लग्नाच्या वाजंत्रीत दाखवलं होतं आणि तोपर्यंत मी उगाच नव्या तारांना नावं ठेवत होतो.

नव्या तारा, सेटअप, मग पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली तीन मिलिमीटर, जी तारेखाली त्याहून थोडं कमी, तिथून कानाने. सेकंडहँड बेसचे पिकअप मी कितीदा नुसते खाली बुडालेले पाहिलेत, स्क्रू फिरवला की काम झालं. हम येत असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून बघ, जॅझ बेसमध्ये दोन्ही सारखे असले की हम बराच कापला जातो. तरी राहिला तर आतल्या पोकळीत कॉपर टेप लाव, आणि ती ग्राउंडला जोडायला विसरू नकोस. खांद्याच्या पट्ट्याच्या बटणांना नळाचे रबरी वॉशर लाव, पाच रुपयांत बेस पडायचा वाचतो. एवढं करून दोन-तीन महिने वाजव, त्यानंतरही पिकअप खटकले तर बदल, तेव्हा तुला काय हवंय ते सांगता तरी येईल.

प्रीअँप मात्र नकोच. म्हणजे वाईट नसतो, पण माझ्या आधीच्या ॲक्टिव्ह बेसमध्ये पॅसिव्हचा स्विच नव्हता, गणपतीतल्या एका कार्यक्रमात आदल्या रात्री केबल तशीच लावून ठेवली होती, त्यात बॅटरी चालू राहते, आणि दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यात बेस आधी फरफरायला लागला आणि मग गप्प. नऊ व्होल्टची बॅटरी रात्री दहा वाजता मांडवाच्या आसपास कुठे मिळणार. निवेदकाने वीस मिनिटं विनोद सांगितले.

आणि हो, काढलेल्या जुन्या तारांतली ई आणि जी, बऱ्या असतील तर, गुंडाळून नव्याच पाकिटात घालून बॅगेत ठेव. सुट्टी बेसची तार आपल्याकडे गल्लोगल्ली मिळत नाही. नवीन लावल्या की आधी आणि नंतरचं रेकॉर्डिंग टाक, फोनच्या माइकवर नको, बेसची केबल सरळ लाइन-इनमध्ये घालून.