भामटा: भटकणाऱ्याचा चोर कसा झाला?

एका वाचकाने विचारले आहे, ‘भामटा’ बरोबर की ‘भामट्या’? आणि ठक, लबाड, भामटा यांत नेमका फरक काय?

पहिल्याचे उत्तर सोपे. मूळ रूप भामटा, अनेकवचन भामटे, स्त्रीलिंगी भामटी. विभक्ती लागली की ‘भामट्याने’, ‘भामट्याला’ होते. ते ऐकून ‘एक भामट्या पळाला’ म्हणायचे, तर मग ‘एक घोड्या पळाला’ असेही म्हणावे लागेल. ‘ठक’ म्हणजे हिंदीतला ठग, संस्कृत ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. ‘लबाड’ कोणत्याही कोशात सापडेल. ‘भामटा’ मात्र मला रोज टोचतो, म्हणून उरलेली जागा त्याच्यासाठी.

‘सायबर भामट्यांनी निवृत्त शिक्षकाला गंडवले’, ‘दागिने उजळून देतो सांगून भामट्यांनी मंगळसूत्र लांबवले’ अशा बातम्या आपण सगळेच वाचतो. चोर फरार असतो, त्याचे नाव-गाव पोलिसांनाही ठाऊक नसते. जात मात्र मथळ्यात छापून झालेली असते. भामटा हे महाराष्ट्रातल्या एका समाजाचे नाव आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे इंग्रजी अमलात गुन्हेगार ठरवलेल्या आणि पुढे त्या शिक्क्यातून सुटलेल्या जातींच्या यादीत १४ नावे आहेत. त्यांत बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद यांच्या पंगतीला ‘भामटा’ आहे, ‘राजपूत भामटा’ही आहे. शाळेच्या दाखल्यावर हे नाव असलेली मुले आज वर्गात बसतात आणि तीच वर्तमानपत्रे वाचतात.

आता व्युत्पत्ती. ‘भ्रम म्हणजे भूल, म्हणून भूल पाडणारा तो भामटा’ असे कोणी सांगितले तर ते मला मुळीच मान्य नाही. आधी चोर हा अर्थ धरायचा आणि मग त्याला शोभेल असा धातू शोधायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. भ्रम् धातूचा पहिला अर्थ फिरणे, हिंडणे. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण लिहिले, त्यात या धातूच्या जागी येणाऱ्या रूपांची लांबलचक माळ दिली आहे. तिच्यात भम्मड, भमड, भमाड ही रूपे आहेत. (त्याच माळेत ‘ढुंढुल्ल’ आहे. आपले धुंडणे, धुंडाळणे तिथूनच आले असावे असे मला वाटते. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

मराठीत एकेरी ‘म’चा व होतो: भ्रम्‌पासून भोवणे, भोवळ, भ्रमरापासून भोवरा. दुहेरी ‘म्म’ मात्र टिकतो आणि त्याच्या आधीचा स्वर लांबतो. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. घर्म, घम्म, घाम. याच वाटेने भम्म-चे भाम- होते. पुढचा ‘टा’ चोरटा, धाकटा, एकटा यांतला. भम्मडमधल्या ‘ड’चाच ट झाला असे मी म्हणणार नाही, कारण प्राकृतात ओढा उलटा आहे, ट-चा ड होतो. म्हणून प्रत्यय वेगळा धरायचा. भामटा म्हणजे हिंडणारा, भटक्या. हे माझे मत आहे आणि दुसऱ्या कोणत्याही मतापेक्षा ते ध्वनिनियमांना जास्त धरून आहे.

शेजारची नावे पाहा. पारधी या नावातली पारध म्हणजे शिकार. प्राकृत ‘पारद्धि’, संस्कृत ‘पापर्द्धि’. बेरड म्हणजे कानडी ‘बेडर’ची अदलाबदल, ‘बेड’ म्हणजे शिकारी. छप्परबंद म्हणजे छपरे बांधणारे. ही सगळी कामाची, फिरस्तीची नावे आहेत. ‘उचल्या’, ‘गंठीचोर’ ही चोरीची नावे बाहेरच्यांनी चिकटवली.

मग हिंडणाऱ्याचा चोर केला कोणी? गावाच्या संशयाने सुरुवात केली असेल, पण शिक्का मारला सरकारने. ठगांसाठी १८३६ साली कायदा झाला तेव्हाच टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने टोळीच्या जागी जमात आणली. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणारच, हा कायदा करणाऱ्यांचा तर्क. सरकारने अधिसूचना काढली की जमात गुन्हेगार ठरली. ती योग्य की अयोग्य हे कोर्टाला विचारता येत नसे. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ साली इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक काढले. त्यात जातवार प्रकरणे आहेत: राहतात कुठे, दिसतात कसे, बोलतात काय, चोरी कशी करतात. १९११ साली नवा कायदा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, परगावी जायचे तर दाखला. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, उभी राहिली, तिथल्या माणसांनी गिरण्यांत राबायचे आणि परत कुंपणात यायचे. त्या शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्तीचे नाव अजून चालू आहे.

अमेरिकेत पोलीस कातडीचा रंग पाहून गाडी अडवतात त्यावर मराठीत अग्रलेख येतात, ‘वांशिक प्रोफाइलिंग’ असा शब्दही त्यात असतो. यावेत, जरूर यावेत. पण तीच गोष्ट आपल्या तालुक्यात घडते तेव्हा बातमीत ‘संशयितांची धरपकड’ एवढेच छापून येते. घरफोडी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालांवर जाते. नोंदवहीत त्यांची नावे आहेत म्हणून संशय त्यांच्यावर, संशय म्हणून अटक त्यांना, आणि अटका जास्त म्हणून पुढच्या नोंदवहीत पुन्हा तीच नावे. खरा चोर दुसऱ्या रस्त्याने निघून जातो. पालावरच्या माणसाला शेतावर कामाला कोणी ठेवत नाही, खोली भाड्याने मिळत नाही. स्वतःची वस्तू चोरीला गेली तरी तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो विमुक्त दिन. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारताला सांगितले की हे कायदे रद्द करा. म्हणजे जगाने याला वंशभेदाच्याच खात्यात मांडले, आपण मात्र ‘कायदा-सुव्यवस्था’ म्हणत राहिलो. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. जन्मावरून सराईत ठरवणारी वाक्ये तोवर तुरुंगांच्या नियमांत छापलेली होती.

‘आता भामटा म्हणजे फक्त फसवणारा, जात कोणाच्या मनात असते?’ असे संपादक मंडळी म्हणतात. वापराने अर्थ बदलतो हे मी शंभरदा लिहिले आहे. पण तो बदलून पूर्ण व्हायला जुना अर्थ मरावा लागतो, आणि इथे जुना अर्थ जातीच्या दाखल्यावर सरकारी सही-शिक्क्यासह जिवंत आहे. ‘अगदी बेरड झालाय’ हे निगरगट्ट माणसाबद्दल म्हणतात, तेही याच कारणाने सोडावे. ज्या कोशांत जात आणि चोर हे दोन अर्थ शेजारी बसवलेले आहेत, त्यांच्या पुढच्या आवृत्तीत निदान ‘निंदाव्यंजक’ एवढी खूण हवी. मथळ्याला चोरटा, ठक, लफंगा, तोतया यांतला कोणताही शब्द पुरतो; ‘सायबर चोर’ तर ‘सायबर भामट्या’पेक्षा आखूड आहे.

जुन्या मोडी कागदांत किंवा घरच्या कीर्दीत कोणाला ‘भामटा’ नुसत्या फिरस्त्या माणसासाठी वापरलेला आढळला, तर ती ओळ मूळ लेखनासह पाठवावी. मला तिची फार गरज आहे.